एका शिकाऊ वीजतंत्र्याचे वर्ष : चाकणमधील एक प्रकरण

मी सोलापूर जिल्ह्यातील एका शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री या व्यवसायाचा शिल्प निदेशक आहे. आमच्याकडचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडलेला मुलगा त्यानंतरच्या पहिल्या वर्षी कोणाच्या हाताखाली उभा राहतो, यावर त्याची पुढची बरीच वर्षे ठरतात, असे माझे मत हळूहळू पक्के होत गेले. ज्या एका मुलामुळे ते सर्वांत जास्त पक्के झाले, त्याच्या शिकाऊ उमेदवारीच्या वर्षाची ही हकीकत आहे. मुलाचे, कारखान्याचे आणि तेथील माणसांचे नाव मी देत नाही. कारखाना चाकण औद्योगिक वसाहतीत आहे, वाहनांचे सुटे भाग बनवतो आणि कायम व कंत्राटी मिळून तेथे तीनशेच्या आसपास माणसे आहेत, एवढे सांगणे पुरेसे आहे.

मुलगा आणि त्याच्यापुढचे पर्याय

मुलगा दुष्काळी पट्ट्यातला. घरी पाच एकर जमीन, एक बोअर आणि त्यात साडेसात एचपीची पाणबुडी मोटर. ही मोटर तीन वर्षांत दोनदा जळाली होती. तीनपैकी एक फेज गेली तरी मोटर घुंघुं करत उभी राहते किंवा कशीबशी चालत राहते, उरलेल्या दोन फेजमधून जास्त प्रवाह ओढते आणि वायंडिंग तापून जळते. अशा वेळी वितळण्यासाठीच असलेला फ्यूज वडिलांनी वारंवार उडतो म्हणून जाड तार घालून बांधून टाकला होता. तालुक्याच्या वायंडिंगवाल्याचे बिल दोनदा भरल्यावर मुलाने वीजतंत्री व्यवसायाला अर्ज केला. प्रवेशाच्या वेळी कारण विचारले, तेव्हा त्याने हेच सांगितले होते, आणि ते कारण मला अजून लक्षात आहे.

त्याचा प्रवेश 2020 चा. त्या तुकडीचे जे नुकसान झाले ते आम्ही शिकवणाऱ्यांनी उघडपणे मान्य केले पाहिजे. पहिल्या वर्षाचा मोठा भाग टाळेबंदीत मोबाइलच्या पडद्यावर गेला, आणि ज्या व्यवसायात बोटांना सवय लागणे हेच शिक्षण असते, त्यात पडद्यावर पाहिलेला जोड हा जोड नसतो. दुसऱ्या वर्षी आम्ही प्रात्यक्षिके दाटीवाटीने उरकली. स्टार-डेल्टा स्टार्टरची, म्हणजे मोटर सुरू होताना कमी प्रवाह ओढू देणाऱ्या साधनाची, जोडणी चार मुलांत मिळून एका पॅनेलवर झाली, म्हणजे या मुलाने ती स्वतःच्या हाताने पूर्ण अशी फार तर एकदा केली असेल. तो परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाला, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र हातात आले. पण तो अजून वीजतंत्री झालेला नव्हता, हे त्यालाही कळत होते आणि मलाही.

2022 च्या दिवाळीच्या सुमारास त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. महावितरणमध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून जाण्याची त्याची पहिली इच्छा होती, परंतु गुणवत्ता यादीत त्याचे नाव लागले नाही. दुसरी वाट तालुक्याच्या एका वायरिंग ठेकेदाराची होती : साडेचारशे रुपये रोज, घरी राहून. तिसरी चाकणच्या कारखान्यात एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 आणि त्याखालील नियमांत 2019 साली झालेल्या सुधारणेप्रमाणे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र असलेल्याला त्या वेळी दरमहा किमान 7,000 रुपये विद्यावेतन होते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली त्यातला चौथा हिस्सा, पण कमाल 1,500 रुपये, केंद्र सरकार आस्थापनेला परत देत असे.

त्याची आई मला भेटायला संस्थेत आली होती. तिने एकच प्रश्न विचारला, "सर, दोन वर्षं शिकून झालं, मग आता परत शिकाऊच का?" प्रश्न रास्त होता. ठेकेदाराकडे महिन्याचे पंचवीस दिवस भरले तर सव्वाअकरा हजार रुपये घरात येणार होते. चाकणला सात हजारांतून कॉटचे अठराशे आणि खाणावळीचे तीन हजार गेल्यावर बावीसशे उरणार, त्यात गावाला येण्या-जाण्याचा खर्च. मी त्या माउलीला सांगितले की ठेकेदाराकडे तो भिंतीत झिरी मारील, पाइप टाकील, तारा ओढील आणि स्विचबोर्ड बसवील. हे काम प्रामाणिक आहे, पण तेच पाच वर्षे करत राहिला तर तेवढेच येईल. कारखान्यात मोटर, स्टार्टर, पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, कॅपॅसिटर बँक, ड्राइव्ह या सगळ्यांशी वर्षभर संबंध येईल, आणि वर्षाअखेर परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळेल. ती माझ्या शब्दावर गेली. पुढचे तीन महिने मला त्या शब्दाचे ओझे वाटत राहिले.

पहिले एकाहत्तर दिवस

आमच्याकडून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी शंभर पानी वही घ्यायला सांगतो आणि रोज तीन गोष्टी लिहायला सांगतो : आज काय काम केले, ते कोणी दाखवले, आणि काय कळले नाही. पुष्कळ मुले आठवडाभर लिहितात आणि सोडून देतात. या मुलाने सोडले नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये तो दोन दिवस गावी आला, तेव्हा वही घेऊन माझ्याकडे आला, आणि आम्ही दोघांनी बसून पहिल्या एकाहत्तर कामाच्या दिवसांची मोजणी केली. सव्वीस दिवस तो पॅकिंग विभागात होता, कारण तिकडे माणसे कमी होती. एकोणीस दिवस कंत्राटदाराच्या माणसांबरोबर केबल ओढण्यात गेले. चौदा दिवस पॅनेल आणि पंखे पुसणे, ट्यूब बदलणे. सहा दिवस स्टोअरमध्ये सामान मोजणे. विजेचे म्हणता येईल असे काम, स्वतःच्या हाताने आणि कोणीतरी दाखवून केलेले, सहा दिवस.

"कोणी दाखवले" या रकान्यात बहुतेक ठिकाणी आडवी रेघ होती.

असे का होते, हे या प्रकरणातले खरे पाहण्यासारखे आहे. कारखान्याच्या मनात मुलाविषयी काही वाकडे नव्हते. तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि मनुष्यबळ विभागाच्या दृष्टीने ती संख्या भरली की विषय संपत होता. मेंटेनन्स विभागात तीन पाळ्यांना मिळून चार माणसे. ब्रेकडाउन आले की त्यांना श्वास घ्यायला वेळ नसे, आणि नसले की ते थकलेले असत. अशा ठिकाणी नवा मुलगा कोणाच्याच वाट्याला येत नाही. जिथे हात कमी असेल तिथे तो जातो. अधिनियमाच्या कलम 18 प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो, आणि कामगार कायदे सर्वसाधारणपणे त्याला लागू होत नाहीत. या तरतुदीचा हेतू त्याचा वेळ शिकण्यासाठी राखून ठेवावा असा आहे. व्यवहारात मात्र तिचा अर्थ असा होऊन बसतो की त्याला कामगाराचे हक्कही मिळत नाहीत आणि विद्यार्थ्याचे शिक्षणही मिळत नाही. कलम 11 मालकावर शिकवण्याचे बंधन घालते आणि त्या व्यवसायातली विहित पात्रता असलेला माणूस प्रशिक्षणाचा प्रमुख असावा, असे सांगते. करारनाम्यावर असे एक नाव होतेही. त्या नावाचा अधिकारी आणि हा मुलगा तीन महिन्यांत एकमेकांशी बोललेले नव्हते.

इंटरलॉकची तार

वहीतले एक पान मला सर्वांत जास्त अस्वस्थ करून गेले. जानेवारीतल्या एका दुपारी कंत्राटदाराच्या वायरमनबरोबर त्याला एका कन्व्हेअरच्या पॅनेलमध्ये नवी केबल जोडायला पाठवले होते. पॅनेलचा मुख्य एमसीसीबी, म्हणजे पुरवठा तोडणारा मोठा स्विच, बंद केला होता. वायरमनने येणाऱ्या तीनही टर्मिनलवर निऑन टेस्टर लावून पाहिला, दिवा लागला नाही, आणि तो म्हणाला, "मेला आहे, घाल हात." मुलाचा डावा हात पॅनेलच्या चौकटीवर होता. उजव्या हाताने त्याने टर्मिनल पट्टीवरची एक तार बाजूला करायला धरली आणि झटका बसून तो मागे फेकला गेला. काही सेकंद त्याला बोलता आले नाही. पर्यवेक्षकाने येऊन विचारले, "लागलं नाही ना? मग चला, तीन वाजेपर्यंत लाइन चालू करायची आहे." अपघाताची नोंद कुठेही झाली नाही.

मुख्य पुरवठा बंद असताना ही वीज आली कुठून? कन्व्हेअर आणि त्याच्या शेजारचे यंत्र एकमेकांशी इंटरलॉक केलेले होते. यंत्र चालू असेल तरच कन्व्हेअर चालावा, म्हणून यंत्राच्या पॅनेलमधल्या कॉन्टॅक्टरच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) सहायक संपर्कातून एक तार कन्व्हेअरच्या पॅनेलमध्ये आणली होती. त्या तारेत शेजारच्या पॅनेलचा 230 व्होल्टचा कंट्रोल पुरवठा (यंत्र चालू-बंद करणाऱ्या मंडलाची वीज) होता. कन्व्हेअरचा एमसीसीबी बंद केला तरी त्या तारेला त्याचा पत्ता नसतो. मुख्य स्विच बंद केल्यावरही ज्या तारा जिवंत राहतात, त्या नारिंगी रंगाच्या घालण्याची पद्धत आहे, ती याचसाठी. या पॅनेलमध्ये त्या इतर कंट्रोल तारांसारख्याच राखाडी होत्या.

घामाने ओल्या झालेल्या शरीराचा एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंतचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर 230 व्होल्टला दोनशे मिलिॲम्पिअरहून अधिक प्रवाह छातीतून जाऊ शकतो. घरात बसवलेला आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखणारा स्विच, तीस मिलिॲम्पिअरला पुरवठा तोडतो, यावरून हा आकडा किती मोठा आहे ते कळावे. पॅनेलच्या कंट्रोल मंडलात तसे संरक्षण नव्हते. मुलगा वाचला तो मागे फेकला गेल्यामुळे. बोटे तारेभोवती आवळली गेली असती, तर काय झाले असते ते मला लिहायचे नाही.

वायरमनची चूक त्याने टेस्टर एकाच ठिकाणी लावला एवढीच नव्हती. निऑन टेस्टरचा दिवा न लागणे हा पुरवठा नसल्याचा पुरावा मानता येत नाही. टेस्टर बिघडलेला असू शकतो, माणूस कोरड्या रबरी चटईवर उभा असू शकतो, उजेडात दिवा दिसला नसू शकतो. दोन टोकांचे मीटर आधी जिथे वीज नक्की आहे तिथे लावून पाहायचे, मग जिथे काम करायचे तिथल्या प्रत्येक टर्मिनलवर, प्रत्येक फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि फेज ते फेज, आणि शेवटी पुन्हा जिवंत जागी लावून मीटर अजून चालते आहे याची खात्री करायची. स्विचला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. हे मी वर्गात शिकवतो. मुलाला ते येत होते, लेखी परीक्षेत त्याने ते बरोबर लिहिलेही होते. पण अनुभवी माणसाने "मेला आहे" म्हटल्यावर एकोणीस वर्षांच्या, सात हजारांवर आलेल्या मुलाने "थांबा, मी पुन्हा तपासतो" असे म्हणावे, याची ताकद आम्ही त्याला दिली नव्हती. ही उणीव माझी होती, आणि या प्रकरणानंतर मी प्रात्यक्षिकांत मुद्दाम "बंद आहे" असे सांगून जिवंत मंडल देतो, सुरक्षित व्होल्टेजचे. जो माझ्या शब्दावर हात घालतो, त्याला त्या दिवशी पुढचे काम देत नाही.

झटक्यानंतर मुलाने जे केले त्यासाठी मी त्याचा कायमचा ऋणी आहे. दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत तो त्या पॅनेलपाशी परत गेला, दार उघडून फक्त नजरेने तारेवरचे फेरुलचे, म्हणजे ओळखीच्या छोट्या नळीवरचे, क्रमांक वाचले, शेजारच्या पॅनेलमध्ये तोच क्रमांक शोधला, आणि वहीच्या पूर्ण पानावर दोन्ही पॅनेलचा जोड काढला. खाली लिहिले : "ही तार इथून येते. कोणी सांगितले नाही. ड्रॉइंगमध्ये पाहायचे आहे, ड्रॉइंग कोणाकडे असते ते माहीत नाही."

कारखान्यातली भेट

मार्चच्या सुरुवातीला मी रजा टाकून चाकणला गेलो. शिकाऊ उमेदवारी सल्लागारांकडे, म्हणजे या अधिनियमाखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यांकडे, तक्रार करण्याचा मार्ग खुला होता. करारासंबंधीचा वाद त्यांच्याकडे नेता येतो, आणि मुलाच्या आईला दिलेल्या शब्दामुळे माझे मन तिकडेच ओढ घेत होते. पण तक्रारीनंतर मुलाला त्याच माणसांत आठ महिने काढायचे होते. म्हणून आधी भेटायचे ठरवले. योग्य केले की नाही, याचा निर्णय मी प्रत्येक प्रकरणात वेगळा करीन. जिथे जखम लपवली जाते किंवा धमकी दिली जाते तिथे थांबू नये, हे निश्चित.

मनुष्यबळ अधिकारी आणि मेंटेनन्सचे व्यवस्थापक, दोघे एका खोलीत बसले. मी एकाहत्तर दिवसांची मोजणी समोर ठेवली. उत्पादनासाठी माणूस कमी पडला म्हणून शिकाऊ मुलाला पॅकिंगला पाठवणे करारात बसत नाही, सल्लागारांच्या मान्यतेशिवाय त्याला जादा वेळ थांबवता येत नाही, प्रशिक्षणाच्या प्रगतीची नोंद ठेवणे मालकाचे काम आहे, आणि प्रशिक्षणात त्याला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कलम 16 प्रमाणे मालकावरच येते, हे मी शांतपणे सांगितले. मनुष्यबळ अधिकारी लिहून घेत होते, आणि मला वाटत होते की हे कागदावरच राहणार.

मग व्यवस्थापकांनी वही मागितली. पाने उलटता उलटता ते त्या जोडणीच्या पानापाशी थांबले. बराच वेळ पाहून म्हणाले, "हे आमच्या ड्रॉइंगमध्येसुद्धा नाही, सर. इंटरलॉक नंतर टाकलेला आहे." त्यांनी त्याच वेळी मुलाला बोलावून घेतले आणि त्या पानाबद्दल अर्धा तास प्रश्न विचारले. माझी कलमे त्यांनी ऐकून घेतली होती. पण त्यांचे मन वळवले ते त्या आकृतीने. जो मुलगा झटका बसल्यावर दोन दिवसांनी कारण शोधायला परत जातो, तो पॅकिंगला बसवायचा नसतो, हे एका मेंटेनन्सच्या माणसाला सांगावे लागले नाही. त्या आठवड्यात मुलगा सामान्य पाळीत, विभागातल्या सर्वांत जुन्या वायरमनच्या हाताखाली गेला. इंटरलॉकच्या तारा पुढच्या शटडाउनमध्ये नारिंगी झाल्या आणि पॅनेलच्या दारावर सूचनेची पट्टी लागली.

काकांच्या हाताखाली

त्या वायरमनला कारखान्यात सगळे काका म्हणत. ते स्वतः 1987 साली पिंपरीच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले होते. त्यांच्याकडे तारतंत्री परवाना होता, आणि तो ते पाकिटात दुमडून ठेवत. परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या माणसाच्याच हाताने विजेच्या मांडणीचे काम व्हावे, असा नियम आहे; काका तो नियम मुलाला पहिल्याच दिवशी सांगते झाले, आणि वर्ष संपल्यावर परवान्यासाठी अर्ज करायचा, हे त्याच्याकडून कबूल करून घेतले.

पहिले पंधरा दिवस त्यांनी त्याच्या हातात पक्कड दिली नाही. एका पॅनेलचे ड्रॉइंग दिले आणि ड्रॉइंगमधली प्रत्येक तार पॅनेलमध्ये नजरेने शोधायला लावली. मुलगा वैतागला, वहीत तसे लिहिलेही आहे. पंधरा दिवसांनी मात्र त्याला पॅनेल दिसू लागले, म्हणजे तारांचा गुंता न दिसता कोण कोणाला चालू करतो ते दिसू लागले. त्यानंतर ग्लँड (केबल पॅनेलला घट्ट धरणारी कडी) बसवणे, केबल सोलणे, लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबून पंच करणे. पंच केलेला लग काका जोराने ओढून पाहत. सुटला तर कापून नवा. सैल जोडाचा रोध थोडाच वाढतो, पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि साठ ॲम्पिअरच्या फीडरवर (पुरवठा वाहून नेणाऱ्या मुख्य तारेवर) तो थोडा रोधही लग काळा करतो, हे त्यांनी जळलेले लग साठवलेल्या डब्यातून दाखवले. असा डबा आता माझ्या वर्गातही आहे.

रोज सकाळी चहाच्या वेळी काका विचारत, "काल काय बिघडलं होतं, आणि का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळे देतात. दुसऱ्या प्रश्नाने हा मुलगा वीजतंत्री झाला. ऑगस्टमधल्या एका प्रसंगावरून ते स्पष्ट होते.

कारखान्यातल्या एका कॉम्प्रेसरची पंधरा एचपीची मोटर वर्षात दोनदा जळून वायंडिंगला गेली होती. दोन्ही वेळा ओव्हरलोड रिले, म्हणजे प्रवाह ठरावीक आकड्यापुढे गेला की मोटर बंद करणारे साधन, ट्रिप झाला नव्हता. मोटरच्या पाटीवर 21 ॲम्पिअर लिहिले होते आणि रिले बरोबर 21 वर लावलेला होता, त्यामुळे रिलेवर कोणाला शंका आली नाही. वायंडिंगवाल्याचे काम वाईट, असा सर्वांचा समज. स्टार्टर स्टार-डेल्टा प्रकारचा होता. काकांनी मुलाला टाँग टेस्टर, म्हणजे तार न तोडता तिच्याभोवती धरून प्रवाह मोजणारे मीटर, दिला आणि सुरक्षित अंतरावरून, त्यांच्या देखत, चालू मोटरचा प्रवाह दोन ठिकाणी मोजायला सांगितले. पॅनेलला येणाऱ्या तारेत 19 ॲम्पिअर आले. मेन कॉन्टॅक्टरमधून रिलेमार्गे मोटरकडे जाणाऱ्या तारेत 11.

मुलगा गोंधळला, एकाच मोटरचे दोन आकडे कसे? संध्याकाळी खोलीवर त्याने एकोणीसला अकराने भागले. उत्तर 1.73 आले, आणि वर्गात पाठ केलेले तीनाचे वर्गमूळ त्याच्यासमोर उभे राहिले. डेल्टा जोडणीत, म्हणजे तीन वायंडिंग त्रिकोणात जोडल्यावर, बाहेरून येणारा प्रवाह दोन वायंडिंगमध्ये वाटला जातो, त्यामुळे प्रत्येक वायंडिंगमधून बाहेरच्या प्रवाहाच्या सुमारे 58 टक्केच प्रवाह जातो. या स्टार्टरमध्ये रिले डेल्टाच्या आतल्या तारेत बसवलेला होता. म्हणजे पाटीवरच्या 21 ॲम्पिअरला रिले 12 च्या आसपास असायला हवा होता. 21 वर लावलेला रिले ट्रिप व्हायला बाहेरच्या तारेतून 36 ॲम्पिअरहून जास्त प्रवाह जावा लागला असता. तोवर मोटर जळणारच.

दुसऱ्या दिवशी त्याने हे काकांना सांगितले आणि सेटिंग 12 वर आणायला गेला, तर रिलेची चकती तिथवर जाईना. रिले 14 ते 23 ॲम्पिअर पल्ल्याचा होता. केव्हातरी मूळ रिले बिघडला असावा आणि पाटीवरचा आकडा पाहून कोणीतरी मोठ्या पल्ल्याचा बसवला असावा. 9 ते 15 पल्ल्याचा रिले मागवून बसवला. कॅपॅसिटर बँकेजवळच्या दुसऱ्या एका स्टार्टरमध्येही तीच चूक सापडली. काकांना हे आधीच माहीत होते का, असे मी मुलाला विचारले. तो म्हणाला, "सर, टाँग टेस्टर देताना काका हसले होते."

त्या रविवारी तो गावी गेला आणि बोअरच्या स्टार्टरमधली जाड तार काढून योग्य फ्यूज व सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारे साधन) बसवून आला, हे मला त्याच्या वडिलांकडून कळले.

वर्ष संपल्यावर

नोव्हेंबर 2023 मध्ये करार संपला. त्याने परीक्षा दिली आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळवले. कारखान्याने त्याला कामावर घेतले नाही. अधिनियमाप्रमाणे शिकाऊ उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, आणि त्या वर्षी मेंटेनन्समध्ये जागा निघाली नव्हती. व्यवस्थापकांनी मात्र भोसरीतल्या एका पॅनेल बनवणाऱ्याला फोन केला. तेथे मुलाची मुलाखत म्हणजे एक ड्रॉइंग आणि एक अर्धवट जोडलेले पॅनेल होते. चूक कुठे आहे ते त्याने शोधायचे. साडेचौदा हजार रुपयांवर तो तेथे लागला.

त्याचा वर्गमित्र, ज्याने तालुक्याच्या ठेकेदाराची वाट धरली, तो आता सहाशे रुपये रोजावर आहे आणि महिन्याला जवळपास तेवढेच कमावतो, तेही घरी राहून. ही तुलना पालक माझ्यासमोर करतात, आणि मी ती झाकत नाही. पहिल्या दोन वर्षांत शिकाऊ उमेदवारी पैशात उजवी ठरत नाही. बिघाडाचे कारण शोधणाऱ्याला आणि फक्त तार ओढणाऱ्याला बाजार वेगळा भाव देतो, तो पुढे, परवाना आणि अनुभव हातात आल्यावर. ज्या घरात आजच्या बावीसशे रुपयांनी भागत नाही, त्या घराला हे सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. या मुलाच्या बहिणीने त्या वर्षी शिवणकाम करून घरचा खर्च ओढला होता. तिचे नाव कोणत्याही प्रमाणपत्रावर नाही.

त्याच वेळी, त्याच कारखान्यात, आमच्याच तुकडीचा दुसरा एक मुलगा शिकाऊ म्हणून लागला होता. त्यालाही पॅकिंगला पाठवले गेले. त्याने वही लिहिली नाही, मला फोन केला नाही, आणि चौथ्या महिन्यात करार सोडून पुण्यात घरपोच सामान पोहोचवण्याच्या कामाला लागला. मी मार्चमध्ये गेलो, तोवर तो निघून गेला होता. फेब्रुवारीत एकाचीच वही माझ्यापुढे आली, म्हणून एकाच्याच वेळी मी पोहोचलो. तेव्हापासून आम्ही संस्थेत एक व्यवस्था केली आहे : बाहेर गेलेल्या प्रत्येक मुलाला निदेशकाने पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी फोन करायचा, आणि "कसं चाललंय" असे न विचारता "या महिन्यात किती दिवस पक्कड हातात होती, आणि कोणी दाखवलं" असे विचारायचे. दुसऱ्या मुलालाही मी फोन करत राहिलो. गेल्या पावसाळ्यात त्याने शिकाऊ उमेदवारीसाठी संकेतस्थळावर पुन्हा नोंदणी केली. त्याला अजून कारखाना मिळालेला नाही. काकांचा फोन नंबर मी त्याला दिला आहे.